मलंगावरचा ढग

आज सकाळी फोनवर पुन्हा तो पिवळा चौकोन आला. ठाणे जिल्ह्यात दुपारनंतर मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता, कमाल तापमान चाळीसच्या आसपास, नागरिकांनी काळजी घ्यावी. चार दिवस हाच मजकूर येतोय आणि चार दिवस काहीही होत नाहीये. अप्पा, म्हणजे माझे वडील, असते तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले असते, "ठाणे जिल्हा म्हणजे नक्की कुठे? घोडबंदरला की शहापूरला? एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच ओळ?" अप्पांना जाऊन नऊ महिने झाले. हा त्यांच्याशिवायचा पहिला मे.

आमच्याकडच्या उन्हाची एक तऱ्हा आहे. मार्चमध्ये ते चटके देतं, एप्रिलमध्ये घाम काढतं, आणि मे लागला की काहीच करत नाही. म्हणजे करतं, पण आपल्याला ते कळेनासं होतं. शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि तो सोडवून घ्यावा असंही वाटत नाही. नळाचं पाणी गरम येतं, आपण तेच तोंडावर मारतो. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. सुन्न होणं म्हणतात ते हेच असावं. मला ते सोयीचं वाटतं. गेले नऊ महिने मी साधारण असाच आहे, आणि मे महिन्यात निदान इतरही माझ्यासारखे दिसतात.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. कल्याण-डोंबिवलीतल्या साठेक इमारती माझ्याकडे आहेत. राहतो मात्र घोडबंदर रोडला, एकोणिसाव्या मजल्यावर. लिफ्टची मशीन रूम गच्चीवर असते, त्यामुळे माझा दिवस एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातो. लोकांना वाटतं, काय मजा, रोज एवढ्या उंचावर. पण मशीन रूमला खिडकी असली तर तीही जाळी लावलेली. आत मोटर, पॅनल, ग्रीसचा वास आणि भट्टीसारखी धग. उन्हाळ्यात पॅनल तापून बंद पडतात आणि फोन सुरू होतात. साठ गच्च्यांवर उभं राहून मी आभाळाकडे कधी बघितलं असेल, तर ते कावळ्यांनी वायर कुरतडली का हे पाहायला.

आभाळाकडे बघायचं खातं अप्पांचं होतं. मूळचे ते खटावकडचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. रंगाचा घाणा लावण्याआधी तापमान आणि हवेतला दमटपणा नोंदवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, नोंद काही सुटली नाही. डोंबिवली पूर्वेला आमचं चार मजली इमारतीतलं शेवटच्या मजल्यावरचं घर. तिथल्या गॅलरीत त्यांनी एक थर्मामीटर टांगला. गॅलरी पश्चिमेची, भिंत तापायची, म्हणून आकडा नेहमी जास्त यायचा. अप्पा त्यातून दोन अंश कमी करायचे. "गॅलरीचे दोन वजा," असं म्हणून ते खाली जायचे आणि तळमजल्यावरच्या फळ्यावर, पाणी बंदच्या सूचनेखाली, खडूने लिहायचे: आज एकोणचाळीस. उद्या वळीव संभवतो, वाळवण घालू नये. किंवा, उद्या आकाश स्वच्छ, वाळवणास हरकत नाही. आणि खाली, कारखान्यातल्या सवयीने, सही केल्यासारखं नाव.

आता वाचणाऱ्याला वाटेल, वाळवणाला एवढं काय. पण आमच्या इमारतीत मे महिन्यात दुसरं काही महत्त्वाचं नसतं. कोकणातल्या घरांची साटं आणि आंबोशी, देशावरच्यांच्या कुरडया आणि सांडगे, सगळ्यांची एकच गच्ची. त्यातल्या त्यात कुरडईचं काम नाजूक. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी दुपारी वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि उन्हं वर यायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर घालायच्या. चीक काढेपर्यंत थांबता येतं. पाणी बदलायचं, गहू आणखी एक दिवस ठेवायचे. एकदा चीक काढला की थांबता येत नाही. म्हणून बायका दुपारी तीनला फळ्यापाशी यायच्या. माझी आई होती तोवर तीही यायची. घरात नवऱ्याला विचारायचं सोडून खाली उतरून फळा वाचायची. "घरी विचारलं तर लेक्चर देतात," असं तिचं म्हणणं होतं.

अप्पांचा अंदाज चुकायचा नाही, किंवा चुकलेला लोकांच्या लक्षात राहायचा नाही. त्यामागे त्यांचा एक नियम होता. वळीव आपल्याकडे समुद्रावरून येत नाही, घाटाकडून येतो. पूर्वेला मलंगगड आहे. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान मलंगाच्या डोक्यावर काळा ढग बसला, तर तो पहिल्या दिवशी डोंगरावरच जिरतो आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरतो. तीनपर्यंत डोंगर स्वच्छ राहिला तर उद्याचा दिवस आपला. शास्त्रात हे कुठे बसतं मला माहीत नाही. इमारतीत मात्र हा नियम कुणी तपासायला गेलं नाही, कारण अप्पा रोज दोन वाजता गच्चीवर चढायचे आणि तीनला खाली उतरून लिहायचे, हे सगळ्यांनी बघितलं होतं.

आई गेल्यावर ते एकटेच राहिले. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गॅलरीतच चक्कर येऊन पडले. ऊन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात स्लॅबखाली एकटं ठेवू नका. मी त्यांना घोडबंदरला घेऊन आलो. एका पिशवीत कपडे, दुसरीत औषधं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला थर्मामीटर. आल्या आल्या त्यांनी तो ड्राय बाल्कनीत टांगला. दुपारी आकडा सत्तेचाळीसवर. संध्याकाळी मी घरी आलो तर चेहरा गंभीर. "संजय, इथे माणसं कशी राहतात?" माझी बायको मानसी हसू दाबत म्हणाली, "अप्पा, तुम्ही तो एसीच्या गरम हवेच्या तोंडावर लावलाय." त्यांनी तो काढला, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. नंतर तो बाहेर काढलाच नाही.

आमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. बघायला छान आहे. अप्पा दोन-तीन दिवस त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "हा काही सांगत नाही." मग त्यांनी मला फोन करायला सुरुवात केली. रोज अडीच वाजता. "कुठे आहेस? वर आहेस ना? जरा मलंगाकडे बघ." मी बघायचो, सांगायचो. तीन वाजता ते डोंबिवलीला शालनकाकूंना फोन करायचे. काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, आईच्या मैत्रीण. त्या खाली जाऊन फळ्यावर लिहायच्या आणि खाली अप्पांचंच नाव घालायच्या. अशा रीतीने एक म्हातारा माणूस घोडबंदरच्या बंद काचांमागे बसून डोंबिवलीचं हवामान चालवत होता. मी ऑफिसात ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचो.

पहिला आठवडा मी खरोखर बघितलं. दुसऱ्या आठवड्यात मधूनमधून. फोन यायचा तेव्हा हात ग्रीसने भरलेले असायचे, खालून कुणीतरी ओरडत असायचं, आणि मला वाटायचं, यांचा आता वेळ जात नाही म्हणून हे चाललंय. आई गेल्यापासून आमच्यात बोलायला तसं काही उरलं नव्हतं. औषध घेतलंत का, जेवलात का, आणि मलंग. हे मी आज लिहितोय. तेव्हा मला फक्त फोनची कटकट कळत होती.

त्या दिवशी मी शिळफाट्याकडच्या एका नव्या टॉवरच्या मशीन रूममध्ये होतो. वारा आत आला की पॅनलवर धूळ बसते, म्हणून दार लावून घेतलेलं. अडीचला फोन.

"वर आहेस ना?"

"हो अप्पा."

"मलंगावर काय आहे?"

दार चार पावलांवर होतं. कडी काढायची, डोकं बाहेर काढायचं, डावीकडे बघायचं.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"नक्की ना? आज शालनचा चीक काढायचाय. लेकीच्या रुखवताच्या कुरडया आहेत."

"नक्की. एकदम स्वच्छ."

ते क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "बरं. पाणी पीत जा रे." आणि फोन ठेवला. ते गप्प का होते याचा मी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला वळीव आला. पहिल्यांदा वारा, मग सगळीकडे धूळ, पत्रे उडाल्याचे आवाज, आणि नंतर ते टपोरे थेंब, जे तापलेल्या स्लॅबवर पडल्या पडल्या वाळतात. लाइट गेली. चार इमारतींत लोक लिफ्टमध्ये अडकले. आठ वाजेपर्यंत मी हाताने ब्रेक सोडून लोकांना बाहेर काढत होतो. एका बाईंनी बाहेर आल्यावर मला मिठीच मारली. सगळीकडे ओल्या मातीचा वास होता, लोक खाली उतरून भिजत होते, आणि मला मधेच आठवलं की डोंबिवलीच्या गच्चीवर कुरडया आहेत. आठवलं, एवढंच. पुढच्या इमारतीचा फोन आला आणि मी गेलो.

पाच घरांच्या कुरडया होत्या. अर्ध्या वाळलेल्या कुरडईवर पाऊस पडला की तिचा परत चीक होतो. बायका वर पोचेपर्यंत जुन्या साड्यांवर पांढरी खळ उरली होती. शालनकाकूंच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर. रुखवतात शेवटी बचत गटाकडून आणलेल्या विकतच्या कुरडया मांडल्या. काकू चांगल्या स्वभावाच्या. त्यांनी अप्पांना फोन करून उलट चिडवलं, "काय अप्पा, तुमचा मलंग सासरी गेला की काय?" अप्पा फोनवर म्हणाले, "चूक झाली. माझी चूक झाली." दोनदा म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होतो.

तेव्हा सांगता आलं असतं. अप्पा, मी बघितलंच नव्हतं. पाच शब्दही नव्हेत. फार तर ओरडले असते, आणि दुसऱ्या दिवशी काकूंना फोन करून म्हणाले असते, आमच्या चिरंजीवांचा प्रताप. त्यांचं नाव फळ्यावर शाबूत राहिलं असतं. मी चहा संपवला आणि कप सिंकमध्ये ठेवला.

त्यानंतर अडीचचा फोन आला नाही. मला दोन-तीन दिवस बरं वाटलं, हेही खरं सांगायला हवं. डोंबिवलीच्या फळ्यावर "वाळवणास हरकत नाही" आणि खाली त्यांचं नाव, हे बरेच दिवस तसंच राहिलं. पुसायला कुणाला जड गेलं असेल किंवा कुणाचं लक्षच गेलं नसेल. जूनमध्ये पाण्याच्या टँकरची सूचना लिहिताना कुणीतरी पुसलं. अप्पा येऊरकडे तोंड करून बसायचे, पण बघायचे नाहीत. कधी मी मुद्दाम म्हणायचो, "आज मलंगावर ढग होता हं." ते म्हणायचे, "असेल."

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते झोपेतच गेलेले. मी कप ठेवायला बशी शोधली, मग मानसीला हाक मारली. पुढचे तेरा दिवस सगळं नीट झालं. लोक म्हणाले, संजयने धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं. चौदाव्या दिवशी मी एका लिफ्टचा वायर रोप बदलला.

आज रविवार. डोंबिवलीचं घर भाड्याने द्यायचं ठरलंय, म्हणून सकाळीच सामान आवरायला आलो. कपाटात आईचा पितळी सोऱ्या सापडला. तो शालनकाकूंना द्यायला खाली उतरलो, तर त्यांच्या स्वयंपाकघरात तोच आंबूस वास. टोपात गहू भिजलेले.

"तीन दिवस झाले," काकू म्हणाल्या. "आज चीक काढू की नको कळत नाही. फोन म्हणतो पाऊस. रोजच म्हणतो मेला. लेक म्हणते, आई, यंदा तुझ्या हातच्याच पाहिजेत. गेल्या वर्षी राहिल्या ना." आणि मग अगदी सहज, "तुझे अप्पा असते तर सांगितलं असतं."

मी सोऱ्या ठेवला आणि बाहेर आलो. जिन्यात बाळारामदादा भेटले. हे आमचे दूधवाले, मलंगाच्या पायथ्याच्या गावचे. पहाटे कल्याणपासून सुरुवात करतात, आमच्याकडे शेवटी येतात आणि दुपारच्या आत गावी परततात. मी कॉलेजात होतो तेव्हापासून बघतोय. माझ्याकडे बघून थांबले.

"अप्पांचा फोन येत नाय तर दुपारी चुकल्यासारखं होतंय बघा," ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला फोन करायचे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग हसले. "आता सांगायला हरकत नाय. कुनाला बोलू नको म्हनायचे. चार वर्सं झाली, तो समोरचा टॉवर हुबा ऱ्हायला ना, तवापासून गच्चीवरून मलंग कुठं दिसतंय? रोज दोन वाजता मनाच फोन. बालाराम, डोंगरावर काय हाय? मी वसरीत बसून सांगनार, ते हितं लिवनार."

मला हसू आलं. तीन वर्षं अप्पा भर उन्हात गच्चीवर चढायचे आणि टॉवरच्या भिंतीकडे तोंड करून दूधवाल्याला फोन लावायचे. त्या टॉवरची लिफ्ट माझ्याकडेच आहे. महिन्यातून दोनदा मी त्याच्या डोक्यावर जातो. त्याने मागचं काय झाकलंय, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"घोडबंदरला गेल्यावरही करायचे?"

"रोज! आधी मना, मग तुमाला." बाळारामदादांचा चेहरा जरा उतरला. "त्या कुरडयांच्या वक्ताला मी सांगलेलं त्यांना. डोंगरावर काला ढग हाय. मनाला ऱ्हावेना म्हनून पावनेतीनला मीच परत फोन केला, अप्पा, ढग वाढलाय, लिवू नका. तर बोलले, बालाराम, संजयने बघितलंय. साफ हाय म्हनतो. तो तुझ्यापेक्षा उंचावरून बघतो."

ते कॅन उचलून खाली गेले. मी जिन्यातच बसलो. त्या फोनवरची ती क्षणभराची शांतता मला आता ऐकू आली. एका कानात बाळारामचा काळा ढग, दुसऱ्या कानात माझं स्वच्छ. त्यांनी तीन वर्षांचा खात्रीचा माणूस बाजूला ठेवला आणि माझं घेतलं. आणि नंतर "माझी चूक झाली" म्हणाले, तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. माझ्याशेजारी बसून, मी चहा पीत असताना, कळलेलं होतं. छातीत काहीतरी जोरात दुखलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा दुखलं, आणि मला ते थांबायला नको होतं.

दोन वाजता मी काकूंना "थांबा, बघून सांगतो" म्हणालो आणि समोरच्या टॉवरच्या गच्चीवर गेलो. वॉचमन म्हणाला, "आज संडे को भी?" मी मशीन रूमकडे गेलो नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिलो. पूर्वेला धुरकट आभाळात मलंग होता, त्याचा तो तुटका माथा, खाली उन्हाने भाजलेले माळ, मधे नुसती घरंच घरं. वारा नव्हता. गच्चीची उष्णता चपलेतून वर येत होती. सव्वादोनला डोंगरामागे एक पांढरा पुंजका दिसला, तसा मी सावलीतून कठड्यापाशी आलो. मग तो विरला. अडीच वाजले तेव्हा मी हातातल्या फोनकडे बघितलं. तो काही वाजणार नव्हता. मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, आणि गच्चीवर कुणी नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं. पण नजर डोंगरावरून काढली नाही.

पावणेतीनला काकूंचा फोन आला. "अरे संजू, वाटायला घेऊ का? मदतीची बाई येऊन बसलीय."

"पंधरा मिनिटं थांबा काकू. नियम तीनपर्यंतचा आहे."

तीन वाजले. मी आणखी पाच मिनिटं थांबलो आणि फोन लावला.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो. "घ्या वाटायला."

"नक्की ना? आणि हा फोन पाऊस म्हणतोय तो?"

"मी समोर उभा आहे काकू. दोन वाजल्यापासून बघतोय."

"बरं बाबा. खाली लिहूनच येते, बाकीच्याही विचारतायत." खडू शोधल्याचा आवाज आला, मग जिना उतरताना लागलेली त्यांची धाप. "उद्या आकाश स्वच्छ, वाळवणास हरकत नाही. लिहिलं. खाली अप्पांचंच नाव घालते हं, तेवढीच आठवण."

"नको," मी म्हणालो. "माझं घाला."